आर्मीचा जुना ट्रक स्वस्तात मिळतो, पण नफा-तोटा तिसरा रकाना ठरवतो



जुन्या मशिनरीच्या सर्व्हिसिंगवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, आर्मीचे जुने ट्रक आणि जीप लिलावात स्वस्त मिळतात. घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या नाहीतर भाड्याने द्यायच्या. चालेल का हा धंदा?"

व्हिडिओत याचं उत्तर दोन वाक्यांत दिलं होतं. इथे हिशोबासकट देतो, कारण या गाड्यांत माझे स्वतःचे पैसे अडकले होते. तुमचे अडकू नयेत.

आधी माझी गोष्ट

मरोळला माझं बेअरिंग, ऑईल सील, व्ही-बेल्ट आणि होज पाईपचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतले कारखाने, आसपासची गॅरेजं आणि लेथवाले. बीबीए करून काउंटरवर बसलो तेव्हा वाटायचं, विक्री वाढली की धंदा वाढला. ते अर्धंच खरं आहे, हे एका निस्सान वनटनने शिकवलं.

निस्सान वनटन म्हणजे आर्मीने अनेक वर्षं वापरलेला एक टनी, चारही चाकं ओढणारा पेट्रोल ट्रक. ठाणे जिल्ह्यातल्या एका गिऱ्हाइकाने तो तिसऱ्या हाताने घेतला होता. शूटिंगला आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायचा त्याचा विचार होता. मरोळहून आरे रोडने गोरेगावची फिल्मसिटी जवळ, त्यामुळे कल्पना मलाही पटली. माझ्या ओळखीच्या एका उस्तादांनी ट्रक गाळ्यात घेतला आणि मी माल उधारीवर दिला. "दीड महिन्यात रस्त्यावर," असं आम्ही तिघांनी चहा पिता पिता ठरवलं. कागदावर काहीच नाही!

इंजिन तीन आठवड्यांत सुरू झालं. सगळ्यांनी व्हिडिओ काढले, पेढे वाटले. नंतर ट्रान्सफर केस उघडली तर आतल्या एका गिअरचे दात गेलेले. तो गिअर बाजारात नाही. एक नग कापून घेतला, हीट ट्रीटमेंट करून बसवला. पण त्याच्या जोडीचा गिअर जुना आणि झिजलेला होता. आवाज आला, आणि थोड्याच दिवसांत नव्याचेही दात गेले. मग दुसऱ्या मेलेल्या गाडीतून सेट शोधायला सुरुवात झाली. तेवढ्यात कागदांचं कळलं: मूळ लिलावात तो ट्रक भंगार म्हणून विकला गेला होता. म्हणजे नंबर मिळायचा प्रश्नच नव्हता.

ट्रक सात महिने गाळ्यात उभा राहिला. माझी ८६ हजारांची उधारी होती, त्यातले निम्मेही परत आले नाहीत. उस्तादांचं नुकसान माझ्याहून मोठं होतं, कारण त्यांची जागा अडकली होती. आम्ही तिघांपैकी कोणीही लबाड नव्हतो. आम्ही फक्त चुकीच्या टोकापासून सुरुवात केली होती.

या गाड्या येतात कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या विलीज आणि फोर्ड जीप मोठ्या संख्येने भारतात उरल्या. त्या दुरुस्त करत करतच आपल्याकडे कितीतरी मिस्त्री तयार झाले. पुढे महिंद्रांनी याच विलीज जीपची जोडणी मुंबईत माझगावला सुरू केली.

नंतर आर्मीसाठी गाड्या जबलपूरला बनू लागल्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रक १९५९ पासून सुरू झाला आणि १९९६ पर्यंत बनत होता. निस्सानच्या परवान्यावर वनटन ट्रक आणि जोंगा आली. जोंगात सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे. त्यानंतर आर्मीत अशोक लेलँडचे स्टॅलियन आणि टाटाचे ट्रक आले, आणि जुन्या गाड्या टप्प्याटप्प्याने बाहेर पडल्या.

आज त्या कोण वापरतं? ईशान्येकडच्या डोंगराळ राज्यांत शक्तिमान अजून लाकूड आणि दगड ओढतो. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव आर्मीच्या जुन्या जीप नव्याने बांधण्यासाठी ओळखलं जातं. आपल्याकडे शौकीन लोक, फार्महाऊसवाले, ऑफ-रोडिंगवाले आणि शूटिंगला गाड्या पुरवणारे आहेत. गिऱ्हाईक थोडं आहे, पण आहे.

आर्मीत चालायची, मग आपल्याकडे का बंद पडते?

लोक म्हणतात, "आर्मीची गाडी म्हणजे दणकट, किलोमीटरही कमी." मित्रांनो, ती दणकट असते त्याचं अर्धं कारण लोखंड आहे आणि अर्धं कारण माणसं. आर्मीत गाड्या-यंत्रं दुरुस्त करायला ईएमई नावाचं स्वतंत्र दल आहे. १९४३ मध्ये ते उभं राहिलं. पुण्याला खडकीत त्यांचं मोठं बेस वर्कशॉप आहे. रोजची तपासणी ड्रायव्हर करतो, लहान काम युनिटमध्ये होतं, मोठं काम वर्कशॉपमध्ये. गाडी चालो वा न चालो, ठरलेल्या तारखेला तिच्याकडे बघितलं जातं.

ती गाडी सेवेतून निघते तेव्हा लोखंड आपल्याकडे येतं, ती माणसं आणि ती शिस्त येत नाही. वर ती यार्डात उन्हापावसात उभी असते. चालणारी गाडी झिजते, पण उभी गाडी सडते. किलोमीटर कमी आहेत म्हणजे चांगली, असं समजू नका. शेवटची कधी चालली होती, ते विचारा.

उभ्या गाडीत काय काय बघायचं, ते लिहून घ्या:

- इंजिन: थेट सेल्फ मारू नका. आधी ऑईल बघा. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, एक दिवस थांबा आणि मग इंजिन हाताने फिरवून बघा. अडकलेल्या रिंगा जोर लावून तोडल्या तर खर्च तिप्पट.
- टाकी: आत गंज आणि जुन्या इंधनाचा चिकट थर असतो. टाकी उतरवून साफ केल्याशिवाय नवीन फिल्टर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.
- ब्रेक: ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजतात. सगळी रबरं बदला. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.
- क्लच: उभ्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबलं जातं पण गिअर पडत नाही, ही तिची खूण.
- डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस: या गाड्या पाण्यातून चाललेल्या असतात. ड्रेन प्लग उघडून ऑईल बघा. पाणी आहे का, लोखंडाचा कीस आहे का? हवेची तोटी, म्हणजे ब्रीदर, बुजली असेल तर आतला दाब वाढून चांगलं सीलसुद्धा गळतं. निस्सान आमच्याकडे आला तेव्हा आम्ही हेच बघितलं नव्हतं.
- टायर: बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवीन दिसली तरी रबर जुनं असेल तर टायर बाद.
- वायरिंग: आर्मीच्या पुष्कळ गाड्यांत २४ व्होल्टची सिस्टीम असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. बॅटरीचा डबा बघितल्याशिवाय १२ व्होल्टचा बल्ब किंवा हॉर्न जोडलात तर तो लगेच उडेल.

आणि एक गोष्ट चालवणाऱ्याला शिकवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून फिरायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केसच्या गिअरवर येतो. फोर-व्हील चिखलात, वाळूत आणि चढावर लावायचं.

आता मुख्य मुद्दा: तीन रकाने

निस्सानचा धडा घेतल्यापासून मी कुठल्याही जुन्या गाडीची किंवा मशीनची यादी तीन रकान्यांत करतो. कागद उभा धरा, दोन रेषा मारा.

पहिला रकाना: नंबरावर मिळणारं. जोंगाचं बेअरिंग मिळत नाही, असं लोक म्हणतात. अहो, जोंगाचं असं बेअरिंग नसतंच, बेअरिंग नंबराचं असतं! ६२०५ म्हटलं की आतलं माप २५ मिलिमीटर, बाहेरचं ५२, जाडी १५. पंप असो, पिठाची गिरणी असो वा ट्रक, कंपनी कोणतीही असो, माप तेच. ऑईल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुनं सील फाटलं असेल तर शाफ्ट आणि घर यांचं माप व्हर्नियरने घेऊन या, काउंटरवर काम होतं. गरम जागा असेल तर साधं नायट्राइल न घेता व्हिटॉन मागा. व्ही-बेल्ट, होज, नट-बोल्ट, बॅटरी, बल्ब हे सगळं याच रकान्यात. शक्तिमान जर्मन घराण्याचा आणि जोंगा जपानी, म्हणून तिथे बहुतेक मापं मिलिमीटरची. विलीज अमेरिकन, तिचं सगळं इंचात. पान्यांचे सेट दोन्ही ठेवा.

दुसरा रकाना: बनवून मिळणारं. बुश, पिन, गॅस्केट, ब्रेक लायनिंग, रेडिएटरची नवीन कोअर, कमानीचे पट्टे, ताडपत्रीचं हूड, पूर्ण वायरिंग. आपला भाग यासाठी सोन्यासारखा आहे. मरोळ आणि साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथ, ग्राइंडिंग, मिलिंग, वेल्डिंग सगळं एका रिक्षाच्या अंतरावर. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने पार्ट. एक उदाहरण सांगतो. नवीन सील टाकूनही गळती थांबत नाही. तेव्हा सीलला दोष देऊ नका, शाफ्टवर बोट फिरवा. जुन्या सीलने तिथे चरा पाडलेला असतो. लेथवाल्याकडून तिथे पातळ स्लीव्ह बसवून घ्या, गळती थांबते.

तिसरा रकाना: दुसऱ्या गाडीतूनच मिळणारं. ट्रान्सफर केसचा गिअर सेट, पुढच्या एक्सलचं घर, इंजिनचा ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, स्टिअरिंग बॉक्स. हे दुकानात मिळत नाही, आणि एकेकटं बनवून घेणं परवडत नाही किंवा टिकत नाही. यासाठी तशीच दुसरी गाडी शोधावी लागते. दिल्लीच्या मायापुरीसारख्या बाजारात फिरावं लागतं, नाहीतर वाट बघावी लागते.

पहिल्या दोन रकान्यांची किंमत तुम्ही आधी सांगू शकता. तिसऱ्याची सांगता येत नाही, दिवसही सांगता येत नाहीत. म्हणून नियम एकच: तिसरा रकाना रिकामा असेल तर काम घ्या. त्यात एखादी वस्तू असेल तर ती हातात आल्यावर बाकीची गाडी खोला. दोन-तीन असतील तर हात जोडा. आम्ही इंजिनपासून सुरुवात केली, कारण इंजिनाचा आवाज ऐकायची सगळ्यांना घाई असते. सुरुवात ट्रान्सफर केसपासून हवी होती.

कागद हा तिसऱ्या रकान्यातला सर्वात वरचा पार्ट

गाडी आर्मीत असते तेव्हा तिला बाणाच्या खुणेचा नंबर असतो, आपल्या आरटीओचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० प्रमाणे लष्करी गाड्यांची नोंद वेगळी होते. गाडी सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की कलम ३९ आणि ४० लागू होतात, म्हणजे नागरी नोंदणी केल्याशिवाय ती चालवता येत नाही.

लिलाव आता ऑनलाइन असतात. एमएसटीसी ही सरकारी कंपनी ते चालवते. तिथे "जसं आहे, जिथे आहे" या अटीवर विक्री होते. नंतर तक्रार चालत नाही. म्हणून बोलीपेक्षा अटींची पानं जास्त महत्त्वाची. त्यात एकच गोष्ट आधी शोधा: गाडी गाडी म्हणून विकतायत की भंगार म्हणून? भंगार असेल तर रस्त्यावर आणायचा विचार तिथेच सोडा.

शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रात जातात, असा केंद्राचा नियम आहे. देशाच्या संरक्षणासाठी वापरात असलेल्या खास गाड्यांना त्यातून सूट आहे. पण जुन्या सरकारी गाड्या रस्त्यावर परत येऊ द्यायच्या नाहीत, हे धोरण त्यातून स्पष्ट दिसतं. म्हणून पैसे भरायच्या आधी तुमच्या आरटीओला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि विक्रीचा प्रकार लिहून द्या, आणि नोंद होईल का याचं उत्तर लेखी घ्या. "एजंट करून देतो" हे उत्तर नाही. खोट्या कागदांवर चालणारी गाडी अपघात झाला की मालकाला आयुष्यातून उठवते, कारण विमा मिळत नाही.

आणि रंग! ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलंय. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, रस्त्यावरच्या गाडीला तो रंग मारू नका.

जागेचं भाडं मोजा

सगळ्यात जास्त लोक इथे बुडतात. समजा गाळ्याचं भाडं महिन्याला ४५ हजार आणि आत तीन गाड्या मावतात. एका जागेचे १५ हजार, म्हणजे दिवसाला ५००. ट्रक दोन जागा घेतो, म्हणजे दिवसाला १०००. तो सात महिने उभा राहिला तर २१० दिवसांचे २ लाख १० हजार. यात मजुरी नाही, माल नाही. आणि तेवढ्या दिवसांत जी रोजची कामं दारातून परत गेली, ती वेगळीच.

म्हणून आता उस्ताद आणि मी असं काम असं घेतो:

१. तपासणीची वेगळी फी. गाडी न खोलता आणि खोलून, दोन टप्पे. तीन रकान्यांची यादी गिऱ्हाइकाच्या हातात. काम घेतलं नाही तरी फी घ्यायची.
२. आधी कागद. नोंदणीचे कागद बघितल्याशिवाय गाडी गाळ्यात घ्यायची नाही.
३. मालाचे पैसे आधी, मजुरी टप्प्याने. उधारी नाही. ओळखीच्यांनाही नाही.
४. उभं राहण्याचं भाडं. गिऱ्हाइकाच्या पार्टसाठी आठवड्याहून जास्त थांबावं लागलं तर रोजचा आकार, पहिल्याच दिवशी लिहून.
५. वर्षाची देखभाल. गाडी दिल्यावर काम संपत नाही. दर महिन्याला चालवणं, ऑईल-पाणी, ग्रीस, बॅटरी, ब्रेक. याचा वार्षिक करार करा. खरा स्थिर पैसा इथे आहे, कारण जुनी गाडी ठेवणाऱ्याकडे गाडी असते, वेळ नसतो.

तुमच्या लक्षात आलं असेल, या यादीत गाडी विकत घेणं कुठेच नाही. माझ्या मते नवीन माणसाने ट्रक घेऊ नये. ज्यांच्याकडे कागदासकट गाडी आहे, त्यांची देखभाल करावी. गाडी उभी राहिली तर नुकसान मालकाचं, आणि ती उभी राहू नये म्हणून पैसे तुम्हाला.

जिवाची गोष्ट

जुन्या मोठ्या ट्रकच्या पुष्कळ चाकांना लॉक रिंग असते. टायरची कड धरून ठेवणारी लोखंडी कडी. हवा असताना ती निसटली तर गोळीसारखी सुटते, माणूस जागीच जाऊ शकतो. चाक खोलायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडा. गंजलेली किंवा वाकलेली रिंग परत बसवू नका. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब पाईप लावा आणि समोर उभं राहू नका. पिंजरा नसेल तर ते काम मोठ्या ट्रकच्या टायरवाल्याकडे द्या. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी पोराला त्या चाकासमोर बसवू नका. हे मी हात जोडून सांगतो.

या आठवड्याचा अभ्यास

तुमच्या ओळखीची कुठलीही एक जुनी वस्तू घ्या. ट्रकच पाहिजे असं नाही. फोर्कलिफ्ट चालेल, कॉम्प्रेसर चालेल, गावाकडचा ट्रॅक्टर चालेल. कागदावर तीन रकाने करा आणि तिचे पार्ट भरा. पहिला रकाना दुकानात विचारून, दुसरा लेथवाल्याला विचारून. उरलेलं आपोआप तिसऱ्यात जाईल. त्या तिसऱ्या रकान्याकडे बघून स्वतःला विचारा: हे काम मी माझ्या पैशांनी घेईन का?

आमचा निस्सान शेवटी पार्ट म्हणून विकला गेला. त्याचा पुढचा एक्सल दुसऱ्या एका वनटनमध्ये बसला, ज्याचे कागद व्यवस्थित होते. त्या मालकाच्या यादीत तिसऱ्या रकान्यात तेवढी एकच वस्तू होती. ती गाडी आज चालते, आणि तिची वर्षाची देखभाल उस्तादांकडे आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत उधारी कमी, हिशोब जास्त!